टेकडीची वाट आणि हातातील साखळी

मार्गशीर्षातील पहाट. जबलपूर शहर अद्याप धुक्याच्या दुलईत आहे. नर्मदेच्या बाजूने येणारा वारा अंगाला झोंबतो आहे आणि मदनमहालच्या टेकडीवरील काळसर शिळा दंवाने ओल्या झाल्या आहेत. अशा वेळी टेकडीच्या पायथ्याशी माणसांची एक तुरळक वर्दळ सुरू होते. कानटोपी घातलेले सेवानिवृत्त गृहस्थ, शाल गुंडाळलेल्या गृहिणी, परीक्षेच्या अभ्यासातून तासाभराची सवलत मिळविलेले विद्यार्थी. यांच्यापैकी काहींच्या हातात साखळी असते आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला चार पायांचा एक उतावीळ सोबती. माणूस अजून जांभया देत असतो. श्वानाने मात्र रात्रभरात टेकडीवर काय काय घडले याचा वृत्तान्त वाचावयास केव्हाच आरंभ केलेला असतो.

मोकळ्या, उंच, वाऱ्याला उघड्या असलेल्या भूमीवर श्वानासह भटकण्याची हौस जगभर आढळते. इंग्लंडातील डार्टमूरसारख्या पठारांवर ती लोकजीवनाचाच भाग आहे. आपल्याकडे सह्याद्रीचे सडे, सोलापूर-पुण्याकडील माळराने आणि विंध्य-सातपुड्याच्या कुशीतील खडकाळ टेकड्या ही त्याच जातीची स्थळे होत. जबलपूरकरांना मात्र अशी भूमी शोधण्यासाठी गाव सोडावे लागत नाही. ती त्यांच्या वस्तीच्या मध्यातच उभी आहे.

शिळांचे गाव

जबलपूर या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. कोणी तिचा संबंध जाबाली ऋषींशी जोडतात, तर कोणी पर्वत या अर्थाच्या 'जबल' या अरबी शब्दाशी. खरे काय ते विद्वानांवर सोपवावे. पण मदनमहालच्या टेकडीवर उभे राहिले की दुसरी उपपत्तीही मनाला पटू लागते. जिकडे पाहावे तिकडे ग्रॅनाइटच्या गोलसर, प्रचंड शिळा. काही एकमेकींवर रचल्यासारख्या, काही कोणी राक्षसाने खेळता खेळता टाकून दिल्यासारख्या.

हा ग्रॅनाइट एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी भूगर्भात तप्त रस थंड होऊन घडला. पुढे वरचे थर झिजत गेले आणि खडक उघडा पडू लागला. त्याच्या भेगांमध्ये पाणी मुरले, कडा व कोपरे आधी कुजले, आतला टणक गाभा तेवढा शिल्लक राहिला. सभोवतालची माती पावसाने वाहून नेली आणि गोल शिळा जेथल्या तेथे उघड्यावर आल्या. येथील सुप्रसिद्ध 'बॅलन्सिंग रॉक' हा याच प्रक्रियेचा नमुना होय. एक भली मोठी शिळा दुसरीवर अगदी थोड्या जागेवर टेकून उभी आहे. 22 मे 1997 रोजी पहाटे जबलपूरला 5.8 तीव्रतेच्या भूकंपाने हादरविले, घरे कोसळली, माणसे दगावली. ही शिळा मात्र ढळली नाही.

डार्टमूरच्या पठारावरील 'टॉर' म्हणून ओळखले जाणारे खडकांचे ढीगही ग्रॅनाइटचेच, आणि त्यांच्या घडणीतही भेगांमध्ये मुरलेल्या पाण्याचा वाटा मोठा. सर आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सची 'बास्करव्हिल्सचा श्वान' ही रहस्यकथा त्याच पठारावर घडविली आणि ती 1902 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या कथेतील श्वान भयाचे प्रतीक आहे. मदनमहालच्या परिसरातील श्वानाला मात्र भयाबरोबर भक्तीचीही जुनी बैठक आहे.

भैरवाचे वाहन

टेकडीच्या माथ्यावर, एका महाकाय शिळेवरच गोंड राजवटीचा मदनमहाल उभा आहे. राजा मदनशाहाचे नाव त्याच्याशी जोडले जाते. महाल म्हणावा तर तो लहान आहे. पहाऱ्याची चौकी म्हणावी तर देखणा आहे. येथून दूरवरचा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. गढा-मंडला राज्याची राणी दुर्गावती हिने 24 जून 1564 रोजी मोगल सैन्याशी लढताना रणांगणावर देह ठेवला. तिची स्मृती या परिसराच्या कणाकणांत आहे.

तिचे सासरे राजा संग्रामशाह यांच्या नावाचा संग्रामसागर हा तलाव टेकड्यांच्या पायथ्याशी आहे आणि त्याच्या काठी बाजनामठ हे भैरवाचे स्थान आहे. श्वान हे भैरवाचे वाहन. त्यामुळे येथे येणारा भाविक श्वानाकडे तुच्छतेने पाहत नाही. मराठी मनाला तर हे नाते अधिकच ओळखीचे. दत्तगुरूंच्या तसबिरीतील चार श्वान हे चार वेदांचे रूप मानले जातात आणि खंडोबाच्या मूर्तीपाशीही श्वान असतोच. ज्याला घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यालाच देवाच्या पायाशी जागा दिली, अशी आपल्या परंपरेची ही मौज आहे.

मराठी माणूस जबलपूरला नवखा नाही. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले. 1798 नंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि सीताबर्डीच्या लढाईच्या सुमारास, 1817 मध्ये, तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढे 1956 पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. रेल्वे, 1904 मध्ये सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना, न्यायालये, शाळा, पेढ्या अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे आली आणि नर्मदाकाठची झाली. या घरांतून आजही 'मोती' आणि 'वाघ्या' अशा हाका ऐकू येतात, आणि त्या हाका ऐकून धावत येणारा श्वान हिंदी आणि मराठी दोन्ही सारख्याच निष्ठेने समजतो.

सर्वांत जुना भागीदार

माणसाने गाय, घोडा, शेळी यांच्याही आधी ज्याला आपलेसे केले तो प्राणी श्वान होय. जर्मनीत बॉन शहरानजीक ओबरकासेल येथे 1914 मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक लहान वयाचा श्वान. पुढे संशोधकांनी त्या श्वानाच्या दातांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला पिलूपणी डिस्टेंपर नावाचा गंभीर आजार झाल्याच्या खुणा आढळल्या. अशा आजारात कोणी शुश्रूषा केल्यावाचून पिलू जगणे कठीण. म्हणजेच ज्याचा त्या काळी काहीएक उपयोग नव्हता अशा आजारी पिलाला कोणीतरी कित्येक आठवडे जपले होते. भागीदारीच्या आरंभीच्या काळातच तिच्यात हिशेबापलीकडचे काहीतरी होते, हे त्यावरून दिसते.

टेकडीवर या भागीदारीचा अर्थ नव्याने कळतो. माणूस डोळ्यांनी टेकडी पाहतो, श्वान ती नाकाने वाचतो. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे 50 ते 60 लाख. श्वानाच्या नाकात त्या 20 कोटींहून अधिक असतात. माणसाला जो नुसता दगड दिसतो, त्यावरून रात्री कोण गेले, केव्हा गेले, हे श्वानाला उमगते. म्हणूनच तो दर दहा पावलांवर थांबतो. घाई असलेला धनी साखळी ओढतो. जाणता धनी घटकाभर थांबतो. श्वानाला फिरावयास नेणे म्हणजे केवळ त्याचे पाय चालविणे नव्हे, त्याच्या नाकालाही काम देणे होय, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

ऊन, खडक आणि पाणी

हिवाळ्यात रम्य वाटणारी ही टेकडी चैत्र लागताच रूप पालटते. मे महिन्यात जबलपूरचे तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि उघडा ग्रॅनाइट दिवसभर तापत राहतो. माणसाला सर्वांगाने घाम येतो. श्वानाला ती सोय नाही. त्याच्या घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांपुरत्याच. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो. त्याचे नेहमीचे तापमानही आपल्यापेक्षा अधिक, म्हणजे सुमारे 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. हा पारा 41 अंशांच्या पुढे गेला तर उष्माघात होऊन प्राणावर बेतू शकते. चपट्या नाकाचे पग आणि दाट केसांच्या शीत प्रदेशातील जाती यांना हा धोका विशेष.

यावरील कसोटी सोपी आहे. हाताची मागील बाजू खडकावर किंवा डांबरी रस्त्यावर ठेवावी. सात सेकंद ती सहन झाली नाही, तर श्वानाच्या तळव्यांनाही ती वाट सोसणार नाही. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी निघून ऊन चढण्याआधी परतावे. पाण्याची बाटली आणि लहान वाटी जवळ असावी. श्वान अडखळू लागला, त्याची लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, तर त्याला सावलीत न्यावे, साध्या पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा आणि विनाविलंब पशुवैद्य गाठावा.

या बाबतीत जबलपूर भाग्यवान आहे. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 पासूनचे. 2009 मध्ये येथे नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. वन्यप्राण्यांच्या आरोग्याचा आणि न्यायवैद्यकाचा अभ्यास करणारा विभागही येथे आहे.

पावसाळ्याची चिंता निराळी. पहिल्या सरींनंतर टेकडी हिरवी होते, सीताफळीची झुडपे दाटतात आणि त्याबरोबरच गोचिडांचा सुकाळ होतो. गोचीड ताप हा रक्तातील पेशींवर घाला घालणारा आजार आहे. परतल्यावर कानांच्या मागे, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहण्याची पाच मिनिटांची सवय पुढील पाच आठवड्यांचे औषधपाणी वाचवू शकते. दगडांच्या फटींत नाग, घोणस यांचा वावर असू शकतो हेही विसरता येत नाही. श्वान आधी नाक घालतो आणि मग विचार करतो.

बिबट्याची वाट

या टेकड्यांवर फिरणाऱ्यांनी खऱ्या अर्थाने गंभीर व्हावे असा विषय पुढेच आहे. गेल्या काही वर्षांत ठाकुरताल आणि नयागावच्या बाजूस, मानवी वस्तीच्या अगदी लगत, बिबट्यांचा वावर वरचेवर आढळला. यात नवल नाही. टेकड्यांचे खडक आणि झाडोरा त्याला आडोसा देतात, आणि वस्तीच्या कडेला त्याचे भक्ष्य आयते मिळते. हे भक्ष्य बहुधा श्वानच असते. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के वाटा पाळीव वा भटक्या श्वानांचा आढळून आला.

म्हणूनच साखळी सोडून देणे ही श्वानावर केलेली कृपा ठरत नाही. मोकळा सुटलेला श्वान झुडपात शिरतो, बिबट्याची चाहूल लागताच भुंकतो, आणि मग एक तर प्राणास मुकतो किंवा घाबरून धन्याच्या दिशेने धावत येतो. दुसऱ्या प्रसंगी त्याच्या मागून कोण येईल हे सांगावयास नको. पहाटेचा अंधार आणि तिन्हीसांजा या दोन्ही वेळा बिबट्याच्या. फटफटीत उजाडल्यावर निघावे, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून जावे, मळलेली वाट सोडू नये आणि श्वान दोन हातांच्या अंतरात असावा. वनखात्याने ज्या भागात सावधगिरीचा इशारा दिला असेल, तेथे त्या दिवसांत जाऊच नये.

टिटवीचे घरटे

साखळीचे दुसरेही कारण आहे आणि ते तितकेच महत्त्वाचे. भय जसे श्वानाला आहे, तसेच श्वानाचेही कोणाला तरी आहे. माळावरची टिटवी घरटे असे बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या मध्ये ती अंडी घालते. त्यांचा रंग दगडांशी इतका मिळता की माणसाचा पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. श्वानाच्या नाकाला मात्र ती लपत नाहीत. उन्हाळ्यात टेकडीवर टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करू लागली, तर समजावे की आपण तिच्या अंगणात उभे आहोत. 'टिटवी देखील समुद्र आटविते' अशी म्हण आहे खरी. पण सुटलेल्या श्वानापुढे तिचा निरुपाय होतो. चंडोल आणि रातवा यांचीही हीच कथा.

इंग्लंडने यावर कायदा केला आहे. तेथे 2000 सालच्या कायद्यानुसार सर्वांना खुल्या असलेल्या पठारी भूमीवर 1 मार्च ते 31 जुलै या विणीच्या काळात श्वान दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधलेलाच असावा लागतो. गुरे-मेंढ्यांजवळ तर वर्षभर. आपल्याकडे टेकडीवर असा फलक नसला तरी टिटवी तीच आहे आणि विणीचा हंगामही जवळपास तोच.

सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानावर झालेल्या अभ्यासात असे आढळले की जेथे श्वान असतात ती जागा खोकड टाळू लागते, मग तेथे अन्न असले तरी. आजारांचे संक्रमण ही तर त्याहून मोठी चिंता. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अरण्यात 1994 मध्ये डिस्टेंपरच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले आणि विषाणूचा उगम भोवतालच्या वस्त्यांतील श्वानांत असावा असे संशोधकांना दिसले. गीरच्या अरण्यात 2018 मध्ये वीसहून अधिक सिंह अल्पावधीत मृत्युमुखी पडले. त्यांतील काहींना हाच विषाणू बाधला होता. चौदा हजार वर्षांपूर्वी ओबरकासेलच्या त्या पिलाला जडलेला आजार आजही असा हिंडतो आहे. फरक एवढाच की आज त्यावर लस आहे.

ही लस आणि रेबीजची लस वेळापत्रकानुसार देणे हे श्वान पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. लुई पाश्चर यांनी 1885 मध्ये एका मुलाला रेबीजची लस टोचून त्याचा जीव वाचविला. तेव्हापासून हा रोग टाळता येतो. पण लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. टेकडीवर श्वान चावल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चावा किरकोळ वाटला तरी यात चालढकल नको.

खर्चाचा विचार

श्वान घरी आणताना पिलाची किंमत तेवढी डोळ्यांपुढे असते. खरा खर्च पुढे दहा-बारा वर्षे चालतो. आहार, वार्षिक लसीकरण, जंतांचे औषध, गोचिडांवरील उपाय आणि अचानक उद्भवणारे आजारपण. त्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम आवर्त ठेवीत बाजूला टाकली तर संकटसमयी धावपळ होत नाही. देशातील काही सर्वसाधारण विमा कंपन्या श्वानांचा विमाही उतरवितात. त्यातील अटी आणि वयोमर्यादा मात्र नीट वाचून घ्याव्यात. ज्यांना हा भार झेपणारा नाही, त्यांनी आपल्या गल्लीतील श्वानाचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घेण्यास हातभार लावावा. तोही त्या टेकडीचा आणि शहराचा उपकारच ठरेल.

सर्वांची टेकडी

मदनमहालची टेकडी एके काळी वस्तीने वेढली गेली होती. न्यायालयाच्या आदेशानुसार 2018-19 च्या सुमारास तेथील अतिक्रमणे मोठ्या प्रमाणावर हटविण्यात आली. अनेक कुटुंबांना वर्षानुवर्षांची घरे सोडून दूर जावे लागले, हे विसरता येणार नाही. एवढी किंमत मोजून जी भूमी मोकळी राहिली, ती राखण्याची जबाबदारी तेथे मौजेने फिरणाऱ्यांवर अधिकच येते. श्वानाची घाण उचलण्यासाठी खिशात जुना कागद बाळगणे, शारदा देवीच्या दर्शनास निघालेल्या वृद्धेला आणि घाबरणाऱ्या लहान मुलाला वाट देणे, दोरी आखूड धरणे, यांत मोठा त्याग नाही. टेकडीच्या पायथ्याशी 'पिसनहारी की मढिया' हे जैन मंदिर आहे. जात्यावर दळण दळून साठविलेल्या पैशांतून एका सामान्य स्त्रीने ते बांधविले असे सांगतात. थोडे थोडे करीत गेल्याने काय उभे राहते, याचा तो पुरावा आहे.

शेवटची चढण

श्वानाचे आयुष्य माणसाच्या मानाने फार लहान. जो पहिल्या हिवाळ्यात धन्याला ओढत माथ्यावर नेतो, तोच दहाव्या हिवाळ्यात अर्ध्या वाटेवर बसतो. त्याच्या सांध्यांत वेदना असते, डोळ्यांत पडदा आलेला असतो, पण दाराशी साखळी वाजली की शेपूट अजून हलते. अशा वेळी धन्याने काय करावे? उत्तर अवघड नाही. माथा सोडावा, पायथ्याची सपाट वाट धरावी, आणि गती त्याची ठेवावी. दहा वर्षे तो आपल्यासाठी थांबला. आता थांबण्याची पाळी आपली.

उंच भूमीवर श्वानासह चालण्याची आपल्याकडील सर्वांत जुनी कथा महाभारताच्या अखेरीस येते. पांडव हिमालय चढू लागले. एकेक करून द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले. उरला एकटा युधिष्ठिर, आणि हस्तिनापुरापासून मागे चालत आलेला एक श्वान. इंद्राचा रथ आला, स्वर्ग समोर उभा राहिला; पण श्वानाला सोडून यावे अशी अट पडली. आश्रयाला आलेल्याचा त्याग करणार नाही, असे सांगून युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला. तेव्हा तो श्वान म्हणजे साक्षात धर्म असल्याचे प्रकट झाले.

त्या श्वानाच्या गळ्यात साखळी नव्हती. मदनमहालच्या वाटेवरील श्वानाला ती लागते, कारण टेकडीवर टिटवी आहे, बिबट्या आहे आणि इतर माणसेही आहेत. पण साखळीला दोन टोके असतात. एक श्वानाच्या गळ्यात आणि दुसरे माणसाच्या हातात. ऊन चढू लागते, शिळांवरचे दंव सुकते, आणि खाली शहर जागे होते. दोघे टेकडी उतरू लागतात, तेव्हा कोण कोणाला घरी घेऊन चालले आहे, हे दुरून पाहणाऱ्याला सांगता येत नाही.